ऐकवल्याशिवाय विकू नकोस

मिरज

चि. बाळास,

शेजारचे तबल्याचे मास्तर परवा पुण्याहून आले ते तडक माझ्याकडेच. हिराबाई बडोदेकरांची जुनी रेकॉर्ड घ्यायला तुझ्या दुकानात गेले होते. "जरा लावता का?" म्हणाले, तर तू म्हणे सांगितलंस, ऐकवणं बंद केलंय, कव्हरवरची चिठ्ठी वाचा. मास्तर हात हलवत परत आले. खरं आहे का रे हे? माझ्या दादाच्या दुकानात ऐकवणं बंद?

तुझी अडचण मला कळते. सुया महागल्या, भाडं वाढलं, पोरं तासभर ऐकतात नि फोटो काढून चालू पडतात. पण दादा काय करायचा, आठव. तबकडी कडेने धरून बल्बखाली तिरकी करायचा, चरा असला तर गिऱ्हाइकाला आपणहून दाखवायचा. आणि वर म्हणायचा, डोळ्यांना निम्मंच कळतं. चकचकीत एलपीसुद्धा बोथट सुईने खाल्लेली असते; आलापीत पत्ता लागत नाही, तान वर चढली की आवाज फाटतो. म्हणून तो सुई आत, लेबलाजवळ ठेवायचा. झीज तिथे चटकन ऐकू येते. हे न वाजवता तू चिठ्ठीवर लिहितोस तरी काय? आणि ७८च्या लाखेच्या तबकडीला एलपीची सुई लावत नाहीस ना? त्या खाचा रुंद, बारीक सुई तळाशी घासते, नुसती खरखर येते. चांगल्या मालावर 'खराब' लिहून बसशील.

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हा दादा किती हळहळला होता. त्याला वाईट वाटलं ते तिथल्या ऐकायच्या खोल्यांचं. आणि आपण होऊन तू ऐकवणं बंद करतोस!

मला हे सगळं दादाच्या मागे उभं राहून कळलं. गल्ल्यावर बसायची फार हौस होती रे. मुलीच्या जातीने दुकानात बसायचं नाही, असं अप्पा म्हणाले, आणि मी गप्प राहिले. लग्न होऊन इथे आले. अजूनही रात्री मनातल्या मनात मी ते कप्पे लावते, नाट्यगीतं डावीकडे, ख्याल उजवीकडे. भांडायला हवं होतं.

मास्तरांचं मन तुला कसं कळणार? अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत वारले, पण त्यांना मातीला आणलं ते आमच्या मिरजेत. दर्ग्यात त्यांच्यासाठी अजून गवई येऊन गातात. हिराबाई त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली. मास्तरांना ती गावची लेक वाटते. आता सांग, तिचा आवाज चिठ्ठीवर वाचायचा?

दिवसभर नको ऐकवूस. संध्याकाळचे दोन तास ठेव. सुई दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस, आपल्या हाताने ठेव, दोन मिनिटं पुरतात. पण ऐकव.

फार बोलले का? दादा गेल्यापासून शटर उघडण्यापासून हिशेबापर्यंत तू एकटा आहेस, दुपारचा डबा तसाच घरी परत येतो, असं वहिनी फोनवर सांगत होती. माझा राग तुझ्यावर नाही, काळजी वाटते. येत्या रविवारी मास्तरांना घेऊन येते. ती रेकॉर्ड त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेव, पैसे मी देईन. गल्ल्यावर मी बसते, तू तेवढ्यात पोटभर जेवून घे, आणि हवं तर मागच्या खोलीत तासभर पडही.

तुझी,
आत्या