हिवाळ्यांतील निवडुंगाची निगा

दिवाळी आटोपून तुरीच्या शेंगा भरूं लागल्या, कीं आमच्या नागपूरकडील शेतकऱ्याचें सर्व लक्ष गहूं, हरभरा व संत्र्याची बाग यांकडे लागतें. धुऱ्यावर उभ्या असलेल्या निवडुंगाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. परंतु उन्हाळ्यांत गुरांस हिरवा घास मिळावा म्हणून बिनकांटी निवडुंग लावण्याकडे अलीकडे कांहीं शेतकऱ्यांची प्रवृत्ति होत आहे. कोरफडीचे वाफेही कोठें कोठें दिसतात. अशा लागवडीवर पैसा व श्रम खर्च केल्यावर ती हिवाळ्यांत कां मरते व कशी वांचवावी, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम नांवांचा घोळ दूर करूं. आपण ज्यांस सरसकट निवडुंग म्हणतों, त्यांत दोन निराळीं कुळें आहेत. फड्या निवडुंग व बिनकांटी निवडुंग हे खरे निवडुंग असून त्यांचें मूळ स्थान अमेरिका खंड होय. त्रिधारी निवडुंग व कुंपणाचा शेर हे एरंडाच्या कुळांतले. ते तोडले असतां पांढरा चीक निघतो. हा चीक डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते, म्हणून तोडतांना जपावें. कोरफड व घायपात हीं याहून वेगळीं. कुळें भिन्न असलीं तरी पाणी अंगांत सांठवून ठेवण्याचा धर्म सर्वांचा एकच आहे, आणि म्हणून हिवाळ्यांतील निगाही बहुतांशीं एकच आहे.

इतर पिकें दिवसा पानांचीं सूक्ष्म छिद्रें उघडून हवा घेतात. हीं झाडें दिवसा छिद्रें मिटून ठेवतात व रात्रीच्या गारव्यांत उघडतात. त्यामुळें अंगांतील पाणी फार थोडें उडून जातें. रात्रीं घेतलेला कर्बवायु आंबट द्रव्याच्या रूपानें सांठतो व दिवसा उन्हांत त्याचें अन्न बनतें. पानफुटीचें पान सकाळीं आंबट व दुपारनंतर बेचव लागतें, हें मद्रासकडे राहणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनीं पाहिलें होतें. त्यांचें निरीक्षण १८१५ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथांत प्रसिद्ध झालें. अशा काटकसरी झाडांस मुळांतच पाणी थोडें लागतें. त्यांत थंडी पडली म्हणजे मुळांचें काम मंदावतें व जमिनींत असलेलें पाणीही तीं ओढीत नाहींत. आपल्या काळ्या जमिनींत तें पाणी दिवसेंदिवस मुरून राहतें, मुळांस हवा मिळत नाहीं, बुरशी शिरते आणि बुंधा कुजतो.

आम्हीं हें स्वतःच्या नुकसानींतून शिकलों. ता. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरांत पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. त्या आठवड्यांत गव्हास थंडी बाधूं नये म्हणून आम्हीं विहिरीचें पाणी सोडलें, आणि निवडुंगही गारठेल या भीतीनें तेंच पाणी धुऱ्याकडील रांगेंतही वळविलें. बिनकांटी निवडुंगाचीं चाळीस झाडें होतीं. माघ संपेपर्यंत त्यांतील एकोणतीस बुंध्याशीं मऊ पडून कोलमडलीं. घरांत सर्वांनीं म्हटलें, थंडीनें मारलें. आमचें आयुष्य महसुली कचेरींत पंचनामे लिहिण्यांत गेलें. कारण पाहिल्यावांचून लिहूं नये, ही संवय हाडीं खिळलेली. म्हणून उरलेलीं अकरा झाडें कोठें आहेत, हें जाऊन पाहिलें. तीं सर्व रांगेच्या टोकाशीं, मुरुमाच्या उंचवट्यावर होतीं, जेथें पाणी चढलेंच नव्हतें. थंडी चाळीसांवर सारखीच पडली होती. भेद होता तो पाण्याचा. त्या वर्षीं मे महिन्यांत शेळ्यांसाठीं योजिलेला हिरवा घास गेला आणि कुटार विकत घ्यावें लागलें.

वास्तविक पाणी तोडण्याची विद्या आपणांस नवीन नाहीं. संत्र्याचा आंबिया बहार धरण्यासाठीं डिसेंबर-जानेवारींत आपण बागेस ताण देतोंच. तोच विचार निवडुंगास लावावा. जमिनींत लावलेल्या व मुळें धरलेल्या झाडांस मार्गशीर्ष लागल्यापासून माघ अर्धा होईपर्यंत पाणी मुळींच देऊं नये. या काळांत फडे किंचित् सुरकुततात. हा रोग नव्हे. पाणी कमी झाल्यानें अंगांतील रस दाट होतो, आणि दाट रस लवकर गोठत नाहीं. कोरडें राहिलेलें झाड त्यामुळें थंडी अधिक सोसतें. सुरकुत्या पाहून कळवळ्यानें पाणी घालणें, हीच खरी चूक.

कुंड्यांतील झाडांस मात्र माती थोडी असल्यामुळें तीन-चार आठवड्यांनीं एकदां, ऊन चढल्यावर, बेताचें पाणी द्यावें. तत्पूर्वीं एक काडी चार बोटें खोल खुपसून पाहावी. ती ओलसर निघाल्यास थांबावें. कुंडीखालीं बशी ठेवूं नये. खत दसऱ्यानंतर बंद करावें, कारण खतानें फुटलेला कोंवळा भाग थंडींत प्रथम जातो.

जागेचाही विचार करावा. गार हवा जड असल्यानें ती नाल्याकांठीं व खोलगट भागांत सांचते. म्हणून तेथें लागवड करूं नये. काळ्या जमिनींत उंच वरंबा करून त्यांत मुरूम व जाड रेती मिसळावी आणि पलीकडे चर काढून ओलिताचें पाणी तोडावें. फार थंडीच्या रात्रीं कोंवळ्या झाडांवर कोरडें तरट टाकावें व सकाळीं काढावें. प्लास्टिकचा कागद अंगास चिकटूं देऊं नये; त्यावर आंतून दंव सांचून फडे भिजतात. विदर्भांत हिवाळ्यांतही पाऊस व गारा येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट अनेकांच्या स्मरणांत असेल. गारांनीं फडे फुटल्यास जखमा उन्हावाऱ्यानें सुकूं द्याव्या.

बुंधा मऊ व तपकिरी दिसल्यास विलंब करूं नये. स्वच्छ सुरीनें निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत छाटावें, प्रत्येक कापानंतर सुरी पुसावी व कापलेल्या जागेवर गंधकाची भुकटी लावावी. निरोगी फडे सावलींत दोन आठवडे सुकवून, ऊब आल्यावर, फाल्गुनांत कोरड्या मुरुमांत लावावे. फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले व चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर तो किरमिजी किडा समजावा. याच जातीचा किडा फड्या निवडुंगाचें रान मोडण्यासाठीं १९२६ सालीं श्रीलंकेहून दक्षिण भारतांत मुद्दाम आणला होता, इतका तो संहारक आहे. थोडे पुंजके असतांनाच ते खरडून जाळावे.

एक अपवाद सांगितला पाहिजे. ड्रॅगन फळाची वेल निवडुंगाच्याच कुळांतली असली तरी ती उष्ण प्रदेशांतील रानांत झाडांवर चढणारी आहे. तिला कडक थंडी सोसत नाहीं व अगदीं कोरडेंही ठेवूं नये. पाणी कमी करावें, पण तोडूं नये.

माघ उतरतां ऊन तापूं लागलें, म्हणजे प्रथम हलकें पाणी द्यावें व नंतर हळूहळू वाढवावें. सावलींत ठेवलेलीं झाडें एकदम उन्हांत आणूं नयेत. त्यांची साल करपते. चैत्र-वैशाखांत वैरणीसाठीं फडे तोडणें तें दुपारनंतर तोडावे. रात्रींचें आंबट द्रव्य तोंवर बरेंच जिरलेलें असतें. फड्यांत बहुतेक पाणीच असल्यामुळें ते एकटे न देतां कुटार अथवा कडबा यांत मिसळून द्यावे, नाहींतर गुरांस पातळ शेण होतें. बुडखा व त्यावरील फडे राखावे, म्हणजे पुढें फूट चांगली होते.

आमच्या उंचवट्यावरील त्या अकरा झाडांचेच फडे पुढें वरंब्यांवर लावून आम्हीं रांग पुन्हां भरून काढली. त्यानंतरच्या हिवाळ्यांत गव्हास पाणी सोडतांना प्रथम धुऱ्याकडील दांड बांधून घेतों. वाचक शेतकरी बंधूंनीं इतकी एक गोष्ट जरी केली, तरी उन्हाळ्यांतील हिरवा घास त्यांच्या हातीं राहील, असा आमचा अनुभव आहे.