दोनशे तासांचा पायलट

लायसन हाती आलं तेव्हा माझ्या लॉगबुकात 212 तास होते. त्यात दर्यापूरकडचं चार एकर वावर गेलं होतं. आईनं अकोल्यात गल्लीभर पेढे वाटले. सहा महिन्यांनी बाबांनी जेवता जेवता विचारलं, "पोट्टा पायलट झाला म्हनते सारे, मंग इमान कुठी हाये?" घास घशातच अडकला.

एअरलाइनची भरती थंड होती, म्हणून मी उद्योगपती आणि पुढाऱ्यांना नेणाऱ्या लहान विमानांकडे वळलो. वाटलं, लहान विमान म्हणजे लहान अट. पहिल्याच मुलाखतीत कॅप्टनसाहेबांनी लॉगबुकातली शेवटची बेरीज पाहिली. "मल्टी इंजिन किती?" "पंधरा." त्यांनी बुक मिटलं आणि चहा मागवला. त्या दिवशी चहावरच भागलं.

कारण उशिरा उमगलं. एअरलाइन नवख्याला शिकवून घेते. दोन विमानं नि चार पायलट असलेल्या कंपनीला तेवढी सवड नसते. विमा कंपनी तास विचारते, गिऱ्हाईकही विचारतं. कमर्शिअल लायसनला 200 तास पुरतात, त्यावरच्या एटीपीएल लायसनला 1500 लागतात. मधले तेराशे आणायचे कुठून, खरी मेख तिथं आहे.

मी ते विकत घ्यायला निघालो. एका कंपनीतला माणूस म्हणाला, "टाईप रेटिंग स्वतःच्या पैशानं करा, को-पायलटची उजवी सीट आमच्याकडं लागली." एका ठरावीक जातीचं विमान उडवायची ती परवानगी, कर्ज काढून मिळवली. सीट मात्र दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात' जात राहिली. दीड वर्ष गेलं. तोवर यंत्रांच्या भरवशावर उडायला लागणाऱ्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत संपली, ते चालू करायला पुन्हा पैसे. लिहून काहीच घेतलं नव्हतं, भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

शेवटी इन्स्ट्रक्टर झालो, तेही नाइलाजानं. शिकाऊ पोराचं विमान धावपट्टीवर उड्या मारू लागलं की कंट्रोल कधी घ्यायचा आणि कधी हात जवळ ठेवून गप्प बसायचं, हे तिथं कळलं. ते सगळे तास कॅप्टन म्हणून लॉगबुकात चढले. 1100 झाले तेव्हा किंग एअर या लहान विमानाची उजवी सीट मिळाली.

पुढं एकदा आम्ही अकोल्याच्या शिवणी विमानतळावर उतरलो होतो. जेमतेम चौदाशे मीटरची धावपट्टी, रात्रीच्या उड्डाणाची सोय नाही. चारला येतो म्हणालेले साहेब आले तेव्हा सूर्य टेकला होता. साहेब नाराज होऊ नयेत म्हणून मी हळूच म्हणालो, "सर, पाच मिनिटांचाच प्रश्न आहे." कॅप्टननी माझ्याकडं पाहिलंही नाही. साहेबांना म्हणाले, "आज नाही जमणार. विदर्भ एक्सप्रेसची तिकिटं बघतो." आणि खरंच फोन लावला. उजव्या सीटवर बसून तासांपलीकडचं काय शिकायचं असतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

आता अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान आहे. तिथंच वर्षाला 180 वैमानिक घडवण्याची योजना एअर इंडियानं जाहीर केली आहे. अमरावती-अकोल्याची पोरं आता मोठ्या संख्येनं या वाटेला लागतील. त्यांना माझं सांगणं एवढंच:

फी भरण्याआधी क्लास वन मेडिकल करून घ्या. डोळ्यांत किंवा कानांत काही निघालं तर वावर तरी वाचेल. खर्चाच्या हिशेबात लायसननंतरची दोन वर्षं धरा, त्यात दरवर्षीचं मेडिकल आणि रेटिंगही मांडा. नोकरीचं पत्र हाती नसेल तर टाईप रेटिंगला पैसा लावू नका. कोणत्याही कंपनीत जाण्याआधी तिथून सोडून गेलेल्या पायलटला गाठा, तो खरं सांगेल. इन्स्ट्रक्टरकीला कमी लेखू नका. आणि लॉगबुकात एक मिनिटही खोटं लिहू नका. हे क्षेत्र एवढंसं आहे, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात.

मी शिकवायला पहिल्याच वर्षी लागलो असतो तर दीड वर्ष आणि ते कर्ज, दोन्ही वाचलं असतं. बाबांना ते चार एकर मी अजून परत घेऊन देऊ शकलेलो नाही.