साखरेच्या चिमट्यावरील मुद्रा

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेतून फोडून घेत, आणि चहाच्या वेळी तिचे खडे चांदीच्या चिमट्याने उचलीत. असा चिमटा कोणी घडवला, हे ठरवावयाचे असल्यास त्याच्या भुजांची आतील बाजू भिंगाखाली पाहावी. मुद्रा बहुधा तेथेच असतात. चालता सिंह हे हजारात 925 भाग चांदी असल्याचे चिन्ह होय. एकटे अक्षर परीक्षणाचे वर्ष सांगते. राजमस्तक 1784 ते 1890 या काळात कर भरल्याची खूण होती. उरलेली आद्याक्षरे निर्मात्याची.

समजा, ती वळणदार ‘एच. बी.’ अशी आहेत. लंडनच्या हेस्टर बेटमन या विधवेने 1761 मध्ये आपली मुद्रा नोंदवली आणि 1790 मध्ये ती निवृत्त झाली. तथापि दोन निर्मात्यांची आद्याक्षरे सारखी असू शकतात. म्हणून अक्षरांचे वळण व भोवतालची चौकट नोंदीशी ताडून पाहावी. लंडनचे वर्षाक्षरही वीस वर्षांनी पुन्हा येई, केवळ त्याचे वळण बदले. ते 1800 चे निघाल्यास चिमटा बेटमनबाईंचा नव्हे, हे उघड आहे.

सर्व खुणा जुळल्या, तरी एक मर्यादा उरते. मुद्रा ज्याची, त्याने त्या चांदीचे उत्तरदायित्व घेतले, एवढेच ती सांगते; हातोडी एखाद्या अनाम कारागिराचीही असू शकेल.