वेल्डिंगच्या दुकानातील शिकाऊ उमेदवार

तांबट फुटक्या भांड्याला डाख देतो, तेव्हा भांड्याचे तांबे वितळत नाही. वितळते ते कथील. ते भेगेत शिरते आणि थिजून दोन कडांना धरून ठेवते. वेल्डिंगची रीत याहून निराळी. येथे जोडावयाच्या दोन्ही तुकड्यांच्या कडाच वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि थंड झाल्यावर त्यांचा एकच तुकडा होतो. म्हणूनच डाख दिलेले भांडे जास्त तापले तर गळू लागते, परंतु नीट वेल्ड केलेले फाटक वर्षानुवर्षे उघडझाप सोसते.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, पुण्याच्या भोसरीत किंवा बेळगावच्या उद्यमबागेत अशा कामाची असंख्य दुकाने आहेत. तेथे नव्याने दाखल होणाऱ्या उमेदवाराला वाटते, की पहिल्याच दिवशी हाती होल्डर येईल आणि ठिणग्या उडू लागतील. प्रत्यक्षात त्याच्या हाती येतो तारेचा ब्रश. अँगल आणि पट्ट्या उचलून आणणे, त्यांवरचा गंज, रंग व तेल घासून काढणे, कानशीने कडा साफ करणे यांत पहिले काही आठवडे जातात. अनेकांना हा अपमान वाटतो. तो तसा नाही. गंज किंवा तेल राहिलेल्या कडेवर सांधा केला, तर वितळलेल्या धातूत वायू अडकतो आणि सांध्यात बारीक छिद्रे राहतात. वरून सांधा गुळगुळीत दिसतो. भार पडला की तेथेच तुटतो.

यानंतर मोजमाप येते, आणि शाळेत नकोशी वाटलेली भूमिती येथे पोटापाण्याची होते. ९०० मिलिमीटर रुंद व १२०० मिलिमीटर उंच अशी खिडकीची चौकट करावयाची असेल, तर तिचे दोन्ही कर्ण १५०० मिलिमीटर भरले पाहिजेत. एक कर्ण जास्त आणि दुसरा कमी भरला, की चौकट तिरकी झाली असे मिस्त्री टेप लावताच सांगतो. कोपरा तपासण्यासाठी गुण्या असतोच. पण मोठ्या चौकटीत कर्णाचीच साक्ष खरी. कापण्याचेही एक गणित आहे. सहा मीटर लांबीच्या नळीतून दीड मीटरचे चार तुकडे निघतील असे कागदावर दिसते. कटरची चकती मात्र सुमारे ३ मिलिमीटर जाड असते. तीन वेळा कापताना ९ मिलिमीटर लोखंड भुगा होऊन उडते आणि शेवटचा तुकडा तेवढा आखूड पडतो.

मग एके दिवशी होल्डर हाती येतो. साध्या पोलादासाठी ३.१५ मिलिमीटर जाडीची कांडी लावली, तर साधारण १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. कांडीचे टोक लोखंडापासून जवळजवळ कांडीच्या जाडीइतकेच दूर राखावे लागते. अंतर कमी झाले तर कांडी चिकटते. वाढले तर ज्योत भरकटते आणि धातू शिंपडला जातो. अंतर बरोबर असले, की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चुरचुर आवाज येतो. जाणता मिस्त्री पाठमोरा उभा राहूनही या आवाजावरून शिकाऊ मुलाचा हात ओळखतो. कांडीवरचे लेपन जळून वायूचे आवरण आणि मळी तयार होते. ती तापलेल्या धातूला हवेपासून राखते. सांधा थंड झाल्यावर मळी हातोडीने ठोकून काढावयाची असते.

थंड होताना धातू आकसतो आणि चौकटीला आपल्याकडे ओढतो. त्यासाठी आधी चारही कोपऱ्यांवर छोटे टाके मारावेत, कर्ण पुन्हा मोजावेत आणि मगच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने पुरे करावेत.

डोळ्यांविषयी मात्र अधिक सांगावयास हवे. आर्कच्या प्रकाशात अतिनील किरण असतात. उघड्या डोळ्यांनी तो पाहिला, तर त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. दुकानांतून यावर दुधाचे थेंब किंवा बटाट्याची चकती हा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नये. त्याने डोळ्यांत जंतुसंसर्ग होऊ शकतो. डॉक्टरांकडे जावे. बाजारातला साधा काळा चष्मा या प्रकाशाला पुरत नाही. १० किंवा ११ क्रमांकाची काच लावलेला मुखवटा लागतो, आणि टाके मारण्यापुरताही तो बाजूला ठेवता येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर बंद खोलीत काम केल्यास धुरामुळे संध्याकाळी थंडीताप भरतो. तेव्हा मुलामा घासून काढावा आणि हवा खेळती ठेवावी. प्राणवायूच्या नळकांड्याला तेलकट हात लावणे तर आगीला निमंत्रणच.

हे सारे हाताचे शिक्षण झाले. त्याला कागदाची जोड नसेल, तर दहा वर्षे काम केलेला माणूसही ‘हेल्पर’च राहतो, आणि असे हेल्पर प्रत्येक दुकानात भेटतात. भारतात शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ मध्ये झाला. त्याप्रमाणे मालक व उमेदवार यांच्यात करार होतो आणि त्याची नोंदणी होते. शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी मानला जातो. त्याला विद्यावेतन मिळते, आणि प्रशिक्षण चालू असताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर ठेवली आहे. आठवी उत्तीर्ण असलेल्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही घेता येतो. जो आधीच दुकानात वर्षानुवर्षे काम करीत आहे, त्याच्यासाठी पूर्वीचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत करण्यात आली.

सुरत असो वा हैदराबाद, कायदा एकच आहे. उमेदवाराने सही करण्यापूर्वी करारपत्र पूर्ण वाचावे. व्यवसायाच्या जागी ‘वेल्डर’ असे लिहिले आहे की ‘हेल्पर’, मुदत किती, विद्यावेतन किती, हे पाहावे. आणि नोंदणी झालेल्या कराराची एक प्रत मागून घरी ठेवावी.