दाराविना दुकान

(दुकानात गेलो की आपण वस्तू हातात घेऊन पाहतो, भाव विचारतो. पण दुकानच हजारो किलोमीटर दूर असेल तर? कॅनडा देशातील दुकानदारांनी हा प्रश्न कसा सोडवला आणि आजच्या लहान दुकानाचे संकेतस्थळ कसे सुधारावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, वाण्याच्या दुकानात गेल्यावर तुम्ही काय काय करता, ते जरा आठवून पाहा. गूळ घ्यायचा असेल तर त्याचा रंग पाहता. शेंगदाणे घ्यायचे असतील तर एखादा दाणा तोंडात टाकता. "काका, हा तांदूळ नवा की जुना?" असे विचारता. दुकानदार उत्तर देतो. माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तो परत नेता, कारण दुकान कोठे आहे हे तुम्हांला ठाऊक असते.

पण समजा, दुकान तीन हजार किलोमीटर दूर आहे. वस्तू हातात घेता येत नाही. दुकानदार दिसत नाही. दुकानदारालाही गिऱ्हाईक दिसत नाही. मग एकमेकांवर विश्वास कसा बसायचा?

कॅनडा या देशात हा प्रश्न फार जुना आहे. कॅनडा उत्तर अमेरिका खंडात आहे. त्याचे क्षेत्रफळ भारताच्या सुमारे तिप्पट आहे. पण लोकसंख्या चार कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मीही नाही. हिवाळ्यात तेथे बहुतेक ठिकाणी बर्फ असते. पूर्वी दूरच्या शेतांवर राहणाऱ्या माणसांना बाजाराला जाणे म्हणजे मोठा प्रवासच वाटे.

टिमोथी ईटन नावाचे एक गृहस्थ आयर्लंडमधून कॅनडात आले. १८६९ मध्ये त्यांनी टोरांटो शहरात यंग स्ट्रीटवर एक लहानसे कापडाचे दुकान उघडले. त्या काळी बहुतेक दुकानांत भावावरून घासाघीस चाले. उधारीही चाले. ईटन यांनी दोन नियम केले. वस्तूचा भाव सर्वांना एकच, आणि व्यवहार रोखीने. पुढे त्यांनी आणखी एक वचन दिले. माल पसंत पडला नाही तर पैसे परत! लोकांना हे नवल वाटले. लहान मूल दुकानात गेले काय आणि मोठा माणूस गेला काय, भाव तोच! हळूहळू दुकानाची कीर्ती पसरली.

१८८४ मध्ये ईटन यांनी मालाची व भावांची माहिती देणारी बत्तीस पानांची पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी देशाची पूर्व आणि पश्चिम बाजू जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. मग काय! दूरच्या शेतावरचा शेतकरी पुस्तिका पाही, मागणीपत्र भरी आणि पैसे टपालाने पाठवी. काही दिवसांनी आगगाडीने त्याचे पार्सल येई. पुढे या पुस्तिकेची पाने वाढली, तिच्यात चित्रे आली. ती घरोघरी पोचली. नवी पुस्तिका आली की मुले जुनी पुस्तिका पायांना बांधून बर्फावर हॉकी खेळत. चेंडूऐवजी वापरली जाणारी कठीण रबरी चकती नडगीला लागू नये, म्हणून ही युक्ती!

पण दूरचा व्यवहार नेहमी सरळ होतोच असे नाही. रॉक कॅरिए या लेखकांची एक गोष्ट कॅनडात सर्वांना ठाऊक आहे. ती १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. क्युबेक प्रांतातील एका खेड्यातला मुलगा मॉन्ट्रियलच्या हॉकी संघाचा चाहता असतो. गावातली सगळी मुले त्याच संघाचा स्वेटर घालत. याचा स्वेटर जुना होतो. आईला ईटनच्या पुस्तिकेतून नवा मागवायचा असतो. पण मागणीपत्र इंग्रजीत! क्युबेकमध्ये बहुतेक लोक फ्रेंच बोलतात. आईला इंग्रजी समजत नाही. म्हणून ती फ्रेंचमध्ये साधे पत्र लिहून पाठवते. पार्सल येते, आणि त्यात निघतो टोरांटोच्या संघाचा स्वेटर! मुलगा रडवेला होतो. पण स्वेटर परत पाठवला तर ईटनसाहेबांना राग येईल, असे आईला वाटते. शेवटी मुलाला तोच स्वेटर घालून मैदानावर जावे लागते.

ही गोष्ट वाचताना हसू येते. पण विचार करा. मागणीपत्र आईच्या भाषेत असते तर? "चुकीचा माल आनंदाने बदलून देऊ," असे तिला समजेल अशा शब्दांत लिहिलेले असते तर? मुलाचा हिरमोड झाला नसता.

ईटनची पुस्तिका १९७६ मध्ये बंद झाली. १९९९ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे निघाले. पण घरबसल्या खरेदी करण्याची रीत थांबली नाही. आता पुस्तिकेच्या जागी संकेतस्थळ आले आहे. संकेतस्थळ म्हणजे इंटरनेटवरची पाने. यालाच आपण वेबसाइट म्हणतो. संगणकावर किंवा मोबाइलवर ती जगातून कोठूनही पाहता येतात.

कॅनडाची राजधानी ओटावा. तेथे २००४ मध्ये टोबियास ल्यूट्के या जर्मनीहून आलेल्या तरुणाने एका मित्राबरोबर बर्फावर घसरण्याच्या फळ्या विकण्याचे संकेतस्थळ सुरू केले. दुकानाचे नाव स्नोडेव्हिल. असे दुकान मांडण्यासाठी तयार मिळणारी संगणकीय साधने त्यांना पसंत पडेनात. ल्यूट्के यांना संगणकाचे काम उत्तम येत होते. त्यांनी स्वतःच साधन तयार केले. ते इतके सोयीचे झाले, की फळ्या विकण्यापेक्षा हे साधनच इतर दुकानदारांना द्यावे, असे त्यांना वाटले. २००६ मध्ये 'शॉपिफाय' या नावाने ते सर्वांसाठी खुले झाले. आज अनेक देशांतील लाखो दुकाने त्याचा उपयोग करतात.

साधन चांगले मिळाले, तरी दुकान कसे मांडायचे हे दुकानदारालाच ठरवावे लागते. ते कसे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरात एक मराठी कुटुंब आहे. आई आणि आजी दिवाळीचा फराळ करून विकतात. चकली, चिवडा, लाडू, शंकरपाळे, सारेच चवदार! त्यांनी संकेतस्थळ तयार केले. ते पाहायला पुष्कळ लोक येत. पण मागणी फारच थोडी येई. आणलेले बेसन, तूप तसेच पडून राहिले. तेव्हा घरातील सर्वांनी बसून संकेतस्थळ नीट तपासले. रस्त्याने तीन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या कॅलगरी शहरात कोणी हे पाहत असेल, तर त्याला काय दिसेल, असा त्यांनी विचार केला.

संकेतस्थळ उघडताच एक मोठी पणती गोल गोल फिरे. मग 'सुस्वागतम्' हे शब्द एकेका अक्षराने उमटत. दुकानात काय मिळते हे कळायला वेळ लागे. कॅलगरीचे गिऱ्हाईक तेवढे थांबत नाही. म्हणून पणती काढली. तेथे तीन लहान वाक्ये लिहिली. "घरी केलेला दिवाळीचा फराळ. आमचे दुकान ब्रॅम्प्टनमध्ये आहे. कॅनडात सगळीकडे माल पाठवतो." काय मिळते, कोठे मिळते आणि कोणाला मिळते, हे आता पहिल्या नजरेतच कळू लागले.

मग छायाचित्रांकडे लक्ष गेले. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे जशीच्या तशी लावली होती. प्रत्येक छायाचित्र कित्येक मेगाबाइटचे! जड दप्तर घेतलेला मुलगा हळू चालतो, तसे जड छायाचित्रांचे पान हळू उघडते. मुलीने छायाचित्रांचा आकार लहान केला. ती पूर्वीसारखीच स्पष्ट दिसत होती. पण पान मोबाइलवरही झटकन उघडू लागले.

छायाचित्रात चिवड्याचे पाकीट होते. ते केवढे आहे, हे मात्र समजत नव्हते. म्हणून पाकिटाशेजारी वाटी ठेवून नवे छायाचित्र काढले. खाली वजन लिहिले. पदार्थ ओळखीचा नसलेल्यांसाठी माहितीही लिहिली. "चकली म्हणजे भाजणीच्या पिठाची, तेलात तळलेली, खमंग, काटेरी वेटोळी."

आजी म्हणाली, "चिवड्यात शेंगदाणे आहेत, हे लिहिलंत का?" सगळे एकदम गप्प झाले. काही माणसांना शेंगदाण्यांचे वावडे असते. एखादा दाणा खाल्ला तरी त्यांना श्वास घेणे कठीण होते. जिवावरही बेतू शकते. कॅनडात पाकीटबंद खाद्यपदार्थावर शेंगदाणे, तीळ, दूध, गहू अशा घटकांची नावे छापावी लागतात. आजीच्या सांगण्यावरून संकेतस्थळावरही प्रत्येक पदार्थाखाली त्यातील सर्व घटक ठळक अक्षरांत लिहिले. सर्व सुधारणांत ही सर्वांत महत्त्वाची होती.

मग भाव. पाकिटाची किंमत लिहिली होती. पण कर आणि टपालखर्च अगदी शेवटी वाढत असे. गिऱ्हाइकाला फसवल्यासारखे वाटे व ते मागणी अर्धवट सोडून जाई. आता एकूण किती पैसे पडतील, हे आरंभीच सांगितले. ईटन यांच्या एका भावाच्या नियमामागे हाच सरळपणा होता.

एका कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या दिवाळीची तारीख तशीच राहिली होती. ती पाहून दुकान बंद पडले असेल, असेच कोणालाही वाटेल. ती तारीख खोडली. "या तारखेपर्यंत मागणी नोंदवा, म्हणजे फराळ दिवाळीपूर्वी पोचेल," असे लिहिले.

भाषेचाही विचार झाला. कॅनडात १९६९ च्या कायद्याने इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषा राजभाषा आहेत. म्हणून क्युबेकच्या गिऱ्हाइकांसाठी फ्रेंच माहिती दिली. ती एका जाणकाराकडून तपासून घेतली. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी संगणक पानावरचा मजकूर वाचून दाखवतो. पण चित्रात काय आहे हे शब्दांत लिहिलेले नसेल तर तो ते नेमके कसे सांगणार? म्हणून प्रत्येक छायाचित्राला वर्णन जोडले.

शेवटी दुकानाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि फोन कधी करावा ती वेळ लिहिली. "लाडू फुटलेले पोचले तर छायाचित्र पाठवा. आम्ही नवे पाठवू किंवा पैसे परत देऊ," हेही साध्या शब्दांत लिहिले.

एवढे झाल्यावर आईने शेजारच्या काकूंना बोलावले. त्यांच्या हाती मोबाइल दिला. "अर्धा किलो चिवडा मागवून दाखवा," एवढेच सांगितले. मध्ये कोणी बोलायचे नाही, असे ठरले होते. काकू एका ठिकाणी अडखळल्या. 'पुढे जा' हे बटण फार लहान होते. ते मोठे केले. आपण रोज पाहतो त्या घरातल्या उणिवा आपल्याला दिसत नाहीत. पाहुण्याला त्या चटकन दिसतात. म्हणून दुसऱ्याकडून अशी परीक्षा करून घ्यावी.

या सुधारणांसाठी फारसा पैसा लागला नाही. घरातल्या माणसांनी थोडे कष्ट घेतले आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी आपल्या दुकानाकडे पाहिले. पुस्तिका जाऊन संकेतस्थळ आले, आगगाडीच्या जोडीला विमान आले. पण दूरच्या माणसाचा विश्वास मिळवण्याची रीत बदललेली नाही. जे आहे ते स्पष्ट सांगावे, भाव आधी सांगावा आणि चूक झाली तर ती आपणहून भरून द्यावी.

शब्दार्थ

गिऱ्हाईक – ग्राहक, विकत घेणारा
घासाघीस – भाव कमी करण्यासाठी केलेली बोलाचाली
रोखीने – लगेच पैसे देऊन
मागणीपत्र – हवी असलेली वस्तू लिहून कळवण्याचा कागद
हिरमोड होणे – निराशा होणे
नडगी – गुडघ्याखालचे पुढचे हाड
वावडे असणे – एखादा पदार्थ न मानवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टिमोथी ईटन यांनी दुकान कोणत्या वर्षी उघडले?
(आ) पुस्तिका पायांना बांधून मुले कोणता खेळ खेळत?
(इ) स्नोडेव्हिल या दुकानात काय विकत मिळे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) गोष्टीतील आईने मागणीपत्र न भरता पत्र लिहिले.
(आ) संकेतस्थळावरून फिरणारी पणती काढून टाकली.
(इ) चिवड्याखाली त्यातील सर्व घटक लिहिले.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ईटन यांचे नियम लोकांना का आवडले असतील?
(आ) शेजारच्या काकूंना बोलावल्याचा काय उपयोग झाला?

उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या लहान दुकानाला किंवा बचतगटाला भेट द्या. त्यांच्या एका वस्तूची माहिती अशी लिहा, की ती वस्तू न पाहिलेल्या माणसालाही नीट समजेल. वजन, भाव व घटक लिहायला विसरू नका. ती माहिती वर्गातील मित्राला वाचायला द्या आणि तो कोठे अडखळतो ते पाहा.