सुटीचा डोंगर आणि नोकरीचा डोंगर

सह्याद्रीत प्रस्तरारोहणाचे प्राथमिक धडे घेऊन पुढे चरितार्थासाठी दुबई-शारजात स्थायिक झालेले तरुण, साप्ताहिक सुटी लागताच दोर-हेल्मेटांसह रास अल खैमाच्या डोंगरांची वाट धरतात. आणि त्यांपैकी काहींच्या मनात, कचेरी कायमची सोडून एखाद्या संरक्षित क्षेत्रात रेंजर व्हावे, असा विचार हळूहळू मूळ धरतो. या दोन्ही गोष्टींविषयी मजकडे वारंवार विचारणा होते, म्हणून अनुभवाचे हे चार शब्द.

ज्याच्या बोटांना आपल्या काळ्या बेसाल्टची सवय आहे, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की हजर पर्वताचा हा उत्तरेकडील मुलूख चुनखडीचा आहे. युगानुयुगांच्या पर्जन्याने झिजलेल्या या पाषाणाच्या कडा इतक्या तीक्ष्ण असतात की तळहात तर सोलतोच, पण दोरही सुरक्षित राहत नाही. एका हिवाळ्यात वादी बिहच्या बाजूस आमच्यासमवेत असलेला एक तरुण, जो जीवधनची वानरलिंगी चढलेला कसलेला गडी होता, पकड शोधीत आडवा सरकला. त्याचा दोर धारेवर घासून वरचे आवरण फाटले व आतील पांढरे धागे उघडे पडले. तेवढा भाग गाठीत बंदिस्त करून आम्ही उतरलो खरे, परंतु डिसेंबरातील सूर्य तेथे सहाच्या आतच मावळतो, पाणी संपत आले होते आणि मोबाइलला संपर्क नव्हता. तेव्हा धारेवर घालण्याचे संरक्षक आवरण, डोक्यावरील दिवा, अपेक्षेहून अधिक पाणी आणि परतीची वेळ लिहून घरी दिलेली वर्दी, यांवाचून कोणीही निघू नये. उन्हाळ्यात तर हा विषयच वर्ज्य समजावा. ज्या देशाचे सरकार १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीनपर्यंत उघड्यावरील मजुरीस मनाई करते, तेथे हौसेखातर तापलेल्या कड्यास भिडण्यात पुरुषार्थ नाही.

पावसाचीही तीच गत. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एरवी कोरडी असलेली वादी, म्हणजे डोंगरातील ओढ्याची दरी, अशा वेळी पाहता पाहता दुथडी वाहू लागते, आणि म्हणूनच २०२३ पासून पूर आलेल्या वादीत मोटार घालणाऱ्यास दोन हजार दिरहम दंड व साठ दिवस वाहनजप्ती असा सक्त कायदा आहे.

आता नोकरीविषयी. फुजैरातील वादी वुरय्या २००९ साली संरक्षित झाली आणि २०१० साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अशा ठिकाणी रेंजरचे काम म्हणजे गस्त घालणे, स्वयंचलित कॅमेऱ्यांची निगा राखणे, पाणवठ्यांच्या नोंदी ठेवणे आणि हद्दीत शिरणाऱ्यास सौजन्याने पण ठामपणे परत पाठविणे. वर सांगितलेला तोच तरुण पुढे एका संरक्षित क्षेत्रात मुलाखतीस गेला, तेव्हा त्याने सर केलेल्या सुळक्यांची यादी कोणी मागितली नाही. दिवसभर एका पाणवठ्यापाशी निश्चल बसून टिपणे करता येतील का, अरबी कितपत बोलता येते आणि प्रथमोपचाराचा दाखला आहे का, एवढेच त्यास विचारण्यात आले.

म्हणून माझी सूचना अशी, की अर्ज करण्यापूर्वी काही सुट्या कड्यास हात न लावता घालवाव्यात. वहीत पक्षी, शेळ्यांच्या वाटा, पाण्याची पातळी टिपावी. शिहू जमातीच्या वृद्धांशी, ज्यांच्या पूर्वजांनी या डोंगरांत दगडी घरे व पायऱ्यांची शेते उभारली, सलाम करून चार शब्द बोलावे. आणि हातची नोकरी सोडण्यापूर्वी व्हिसा व काम करण्याचा परवाना नव्या मालकाच्या नावे रीतसर होण्याची तजवीज करावी, कारण परवान्यावाचून दुसऱ्याकडे काम करणे तेथे गुन्हा ठरतो. चढण्याची उमेद आणि राखण्याची चिकाटी हे दोन भिन्न गुण आहेत. माथा न गाठता परतण्यात ज्यास उणेपणा वाटत नाही, त्याने खुशाल अर्ज करावा. इतरांनी सुटीच्या दिवशी चढत राहावे, तो आनंदही कमी प्रतीचा नव्हे.