खुरपं शोकेसमध्ये ठेवू नका

लोहारकामाच्या वर्गात मुलांची नावं घालायला येणारे आई-बाबा दोन प्रश्न मोठ्याने विचारतात आणि एक दबक्या आवाजात. मोठ्याने विचारतात ते असे की भाजेल का, आणि सर्टिफिकेट मिळेल का. दबक्या आवाजातला प्रश्न नीट प्रश्नासारखाही नसतो. "म्हणजे हे आपलं... लोहारकामच ना?" एवढंच म्हणतात आणि हसतात. मला वाटतं, आधी त्या हसण्याचंच बोलावं. बाकीचे दोन सोपे आहेत.

हो, हे लोहारकामच आहे. भट्टी, ऐरण, हातोडा, सांडशी आणि घाम. या कामाबद्दलचा तुमच्या मनातला अवघडलेपणा तुम्ही निर्माण केलेला नाही, तो वारशाने आला आहे. लोहार हा गावगाड्यातला बलुतेदार. मृगाच्या आधीच्या दिवसांत त्याच्या शाळेत (लोहाराच्या कामाच्या जागेला आपल्याकडे शाळाच म्हणायचे) उभं राहायला जागा नसायची. कुणाला फाळ पाजवायचा असे, कुणाला कुदळ, कुणाला खुरपी. हे सगळं झाल्याशिवाय गावात पेरणी होत नव्हती आणि त्याचा मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने मिळायचा. ज्याच्यावाचून अडायचं, त्याला मान मात्र त्या प्रमाणात मिळाला नाही. फिरस्त्या घिसाड्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. रस्त्याकडेला पाल ठोकून ते भट्टी मांडत, अजूनही मांडतात. तिथे तापलं लोखंड सांडशीत धरून पुरुष खाली बसलेला असतो आणि समोर उभं राहून घण घालत असते ती त्याची बायको. हे दृश्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बाजाराच्या दिवशी पाहिलं असेल. तेव्हा "मुलीला हे झेपेल का?" असं मला कुणी विचारलं, की मी उत्तराच्या फार भानगडीत पडत नाही.

हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर काम करणारा वरचा, ही उतरंड मोडायचा प्रयत्न आपल्याच मुलखात झालेला आहे. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम तिथून पुढे आली. हस्तोद्योगातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकवायची, असा तो विचार होता. पुढे 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग करत, बांधकाम करत, शेती करत शिकू लागली. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना 10 दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवावं, असं म्हटलं आहे आणि सुतारकाम, कुंभारकाम यांच्या जोडीला धातुकामाचंही नाव घेतलं आहे. धोरण कागदावर उत्तम आहे. दहा दिवसांत कुणी कारागीर होत नाही, पण ऐरणीला पहिल्यांदा हात लागतो, तेही कमी नाही.

आता वर्गात काय होतं ते सांगतो, कारण घरी विचारलं तर मुलं "काही नाही, ठोकलं" एवढंच सांगतात.

पहिलं काम अगदी साधं असतं. साध्या सळईचा तुकडा तापवायचा, टोक निमुळतं करायचं आणि दोन्ही बाजूंनी वाकवून एस आकाराचा हुक करायचा. दिसायला पोरखेळ वाटतो. पण दहा मिलिमीटरची सळई भट्टीतून बाहेर काढल्यावर कामाचे जेमतेम दहा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात ती नारिंगीची लाल होते आणि लालची काळी. ज्याने भट्टीपाशी उभं असतानाच पुढचा घाव कुठे घालायचा हे ठरवलेलं असतं, त्याचं काम होतं. जो ऐरणीपाशी येऊन विचार करतो, त्याला परत भट्टीकडे जावं लागतं. मी रागवत नाही, शेजारचा मुलगा हसत नाही. लोखंड थंड झालं, एवढंच. आमच्या मुलांना चूक दाखवायला सदैव कुणीतरी माणूस लागतो, आणि माणसाशी हुज्जत घालता येते. थंड सळईशी काय हुज्जत घालणार?

रंग ओळखणं हा या विद्येचा अर्धा भाग. अंधूक लाल म्हणजे साधारण 650-700 अंश सेल्सियस, नारिंगी 950 च्या आसपास, पिवळा 1100. त्याच्याही पुढे पांढऱ्याकडे गेलं की पोलादातून फुलबाज्या उडायला लागतात. मुलांना ते फार आवडतं आणि पहिल्या दिवशी कुणीतरी मुद्दाम करून पाहतंच. मी करू देतो. मग ते जळलेलं टोक थंड झाल्यावर हातोडीने मोडून दाखवतो. आतला कण जाड साखरेसारखा दिसतो. तो भाग पुन्हा कशानेही सुधारत नाही, कापून टाकावा लागतो. भट्टीजवळ एक लोहचुंबकही असतो, हातभर तारेला बांधलेला. सुमारे 770 अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं किंवा नसतं. लाल पट्टीवरून चुंबक नुसताच घसरला की सगळ्यांचे चेहरे पाहावेत. पोलादाला पाणी द्यायची वेळ त्यावरूनच हेरायची असते, म्हणून हा चुंबक नुसता गमतीचा नाही.

पाणी देण्याचा दिवस हा माझ्या मते सगळ्या वर्गातला खरा दिवस. तोवर मुलांनी छिन्नी घडवलेली असते. धारेकडचा पाच-सहा सेंटिमीटर भाग लाल तापवायचा आणि त्यातलं फक्त टोक पाण्यात बुडवून हलवत राहायचं. (काही पोलादांना पाणी चालत नाही, तडकतात, तिथे तेल.) टोक कडक होतं, पण काचेइतकं ठिसूळ. आता छिन्नी बाहेर काढून टोक पॉलिश पेपरने पटकन घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या भागात उरलेली उष्णता हळूहळू पुढे सरकते आणि तिच्यासोबत रंग येतात. आधी वाळक्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर साचतो, त्याचे ते रंग. 220 पासून 300 अंशांपर्यंतचा सगळा प्रवास त्या बोटभर जागेत दिसतो. जांभळा धारेला टेकला की सगळी छिन्नी पाण्यात. आधी बुडवली तर धार उडते, नंतर बुडवली तर वळते. या वेळी वर्गात कुणी बोलत नाही. जी मुलं पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत अशी तक्रार तुम्ही केलेली असते, ती त्या टोकाकडे डोळे न हलवता बघत असतात. म्हणजे एकाग्रता नव्हती असं नाही, ती लावण्याजोगं समोर काही नव्हतं, असं माझं मत आहे. तुम्ही सहमत व्हाच असा आग्रह नाही.

आणि छिन्नीचं डोकं? ते कधीही कडक करायचं नाही. त्यावर हातोडा पडतो. कडक केलं तर कपचा उडून डोळ्यात जाईल. एकाच वस्तूचं एक टोक कडक आणि दुसरं मऊ का, हे मुलांना एकदाच सांगावं लागतं.

यावरून भाजण्याच्या प्रश्नाकडे येऊ. भाजतं का? कधीकधी भाजतं. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही. चटका बसतो तो काळ्या लोखंडाचा, जे थंड दिसतं आणि चारशे अंशांवर असतं. म्हणून आमच्याकडचा पहिला नियम असा की ऐरणीजवळची प्रत्येक वस्तू गरमच आहे असं मानायचं, आणि उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघायची. चटका बसलाच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं हात धरायचा. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फही नाही. घरीही हेच करा.

पण तुम्ही माझ्या शब्दावर विसंबू नका. कुठल्याही वर्गात मुलाला घालण्याआधी एकदा जाऊन उभे राहा. मुलांच्या डोळ्यांवर गॉगल आहे का? अंगात सुती कपडे आहेत का? टेरिकॉट किंवा नायलॉनचा शर्ट ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतो. पायात सँडल असेल तर तो वर्ग चांगला नाही, मग फी कितीही असो. एका ऐरणीभोवती सहा-सात मुलं दाटीवाटीने उभी असतील तर परत या. ऐरणीचा माथा साधारण मुलाच्या खाली सोडलेल्या मुठीच्या उंचीला यायला हवा. मोठ्या माणसाच्या मापाच्या ऐरणीवर लहान मूल ठोकायला लागलं की खांदा धरतो. हातोडा सातशे-आठशे ग्रॅमचा पुष्कळ झाला. धूर बाहेर जायला वाट हवी, आणि भट्टीत गॅल्व्हनाइज्ड पाइपचे किंवा जस्त चढवलेल्या पत्र्याचे तुकडे घालत असतील तर तिथून सरळ निघा, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो. शेवटचं म्हणजे, मुलं जे बनवतात त्याचं काय होतं ते विचारा. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला कायद्याने बंदी आहे आणि अठरापर्यंतच्यांना धोक्याच्या कामात. वर्गाच्या नावाखाली दुकानाची ऑर्डर पुरी होत असेल तर ते शिक्षण नाही, मजुरी आहे.

सर्टिफिकेटचं थोडक्यात सांगतो. आम्ही देत नाही. चार-सहा रविवारांच्या वर्गातून कुणाला नोकरी लागणार नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. 1961 साली स्थापन झालेली पुण्यातली भारत फोर्ज गाड्यांचे क्रँकशाफ्ट घडवते. तिथे घणाच्या जागी अजस्र प्रेस आहेत, पण लोखंड तापवायचं, ते मऊ असताना आकार द्यायचा आणि मग उष्णतेचेच संस्कार करून हवा तेवढा कडकपणा आणायचा, हे शास्त्र तेच. तुमचं मूल उद्या मेटलर्जीकडे गेलं तर त्याला हे आठवेल. नाही गेलं तरी बिघडलं नाही.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. वर्गाच्या शेवटी प्रत्येक जण एक खुरपं करतो. ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्याचा तुकडा घेऊन त्याचं पातं लांबवतो, मान वाकवतो, मुठीत बसणारी शेपटी काढतो. बाभळीच्या मुठीला शेंबी (धातूचं कडं) बसवून ती शेपटी तापवून आत घालतो, लाकूड थोडं जळतं आणि पकड घट्ट बसते. पातं बहुतेकदा थोडं वाकडं असतं. मुलगा ते घरी आणतो, तुम्ही फोटो काढता, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकता, सगळे अंगठे दाखवतात, आणि खुरपं शोकेसमध्ये ट्रॉफ्यांच्या शेजारी जाऊन बसतं. सगळा वर्ग तिथे वाया जातो.

कारण त्या खुरप्याची परीक्षा अजून झालेलीच नसते. ती मी घेऊ शकत नाही, तुम्हीही नाही. ती माती घेते. मान फार सरळ राहिली असेल तर मुठीवरची बोटं जमिनीला घासतील. पाणी कमी चढलं असेल तर धार दोन दिवसांत जाईल. जास्त चढलं असेल तर दगडाला लागून कपचा निघेल. आजी दोन वाफे खुरपून म्हणेल, "जड आहे रे, मनगट दुखतं." ही एकच ओळ माझ्या दहा शेऱ्यांपेक्षा मोलाची. मग तो खुरपं घेऊन परत येतो, "सर, मागून बारीक करायचंय," म्हणतो, आणि काय करायचं ते या वेळी मला सांगावं लागत नाही. "छान झालंय हं" असं घरी सगळेच म्हणाले असते तर तो आला नसता.

म्हणून एवढी विनंती आहे. खुरपं आलं की कौतुक एकदाच करा आणि ते कामाला लावा. शेत असेल तर शेतात, नाहीतर सोसायटीच्या बागेत, तेही नसेल तर गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये. काय जमलं नाही ते त्याला तोंडावर सांगा. गंजू द्यायचं नसेल तर तेलाचं बोट फिरवायचं काम त्याचंच. बाजारातून दुसरं आणून देऊ नका. धार गेली की पाजवायला त्यालाच पाठवा, आणि जमलं तर तुम्हीही सोबत या. समोरून घण घालायला माणूस लागतोच.